तीन चाकांतली हवा

दुकानदाराने किंमत सांगितली तेव्हा मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली. मी पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा तोच आकडा सांगितला, फक्त या वेळी जरा हळू, आजारी माणसाला सांगतात तसा. एवढ्या पैशांत आमच्या गावाकडे दोन करडांसह दुभती शेळी आली असती. ते मी बोलूनही गेले. तो हसला आणि म्हणाला, "मॅडम, बकरी अलग, बाबागाडी अलग."

तेव्हा या शहराचं नाव औरंगाबाद होतं आणि ते जिकडे पाहावं तिकडे खोदलेलं होतं. आम्ही गारखेड्याच्या पुढं एका नव्या वसाहतीत राहायला गेलो होतो. घर पक्कं होतं, रंगाचा वास अजून गेला नव्हता, पण दारासमोरचा रस्ता म्हणजे मुरूम टाकून सोडून दिलेली पट्टी. कडेला पाइपलाइनसाठी खोदलेले चर. पाइप आले होते, पाणी आलं नव्हतं. पावसाने सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती आणि सगळी गल्ली टँकरवर जगत होती. असल्या रस्त्यावर नऊ किलोचं पोर कडेवर घेऊन दवाखान्यात जायचं म्हणजे माझी कंबर मोडायची. म्हणून बाबागाडी.

मी चिकलठाण्याला औषधांच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत नोकरी करत होते. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी कॉलेजचा फॉर्म स्वतःच्या हाताने भरून दिला नसता आणि मायने (आईला आम्ही मायच म्हणतो) दुसऱ्याच्या शेतात खुरपून मला शिकवलं नसतं, तर मी त्या दुकानाच्या पायरीवरही उभी राहिले नसते. हे मला सतत आठवतं. त्यामुळे कुठलीही महाग वस्तू घेताना मी ती परीक्षेला बसल्यासारखी घेते.

दुकानात चार छोट्या चाकांच्या गाड्या रांगेने होत्या. दिसायला छान, फरशीवर लोण्यासारख्या पळत. मी शेजारच्या किराणा दुकानातून दहा किलो आट्याची पिशवी आणली, गाडीत ठेवली आणि दुकानदाराला म्हटलं, मला ही बाहेर चालवून बघायची आहे. तो आधी नाहीच म्हणाला. मग बहुधा माझा चेहरा बघून तयार झाला. बाहेरच्या खोदलेल्या रस्त्यावर पहिल्याच खड्ड्यात गाडीची पुढची चाकं आडवी झाली आणि आटा तोंडावर पडला. तिथं माझं बाळ असतं. तीनचाकी गाडीची मला भीती वाटत होती, रिक्षासारखी कलंडेल म्हणून. पण तिची मागची दोन चाकं रुंद अंतरावर होती, पुढचं चाक सायकलीच्या लहान चाकाएवढं, आणि तिन्हींत खरी हवा भरायची होती. तिने तोच खड्डा आट्यासकट गिळला. पुढचं चाक खटका लावून सरळ बांधून ठेवता येत होतं, म्हणजे खडीवरही ते भलतीकडे वळणार नव्हतं. मी तीच घेतली.

सोबत इंग्रजी माहितीपत्रक होतं. दोन संध्याकाळी डिक्शनरी घेऊन मी त्याचं मराठी केलं, मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि स्वयंपाकघरात चिकटवलं. बाळाला पट्टा बांधल्याशिवाय गाडी हलवू नये. मनगटाची दोरी हातात अडकवल्याशिवाय चालू नये. दांड्याला ओझं टांगू नये. पंधरा किलोपेक्षा जास्त वजन ठेवू नये. खराब रस्त्यावर पुढच्या चाकाचा खटका लावावा. लहान मुलांना गाडीशी खेळू देऊ नये.

माय त्याच आठवड्यात आली. अजिंठ्याच्या अलीकडे आमचं गाव. तिथं त्या वर्षी विहिरींनी तळ गाठला होता, शेतात हाताला काम नव्हतं. ती म्हणाली, तिथं बसून काय करू, तुझं पोर तरी सांभाळते. माझी रजा संपली होती, नवरा वाळूजला पाळीत कामाला. तिच्या येण्याने माझी नोकरी वाचली. तिने बॅग खाली ठेवली आणि गाडीकडे पाहिलं.

"पांगुळगाडा आनला व्हय, बाई? लई मोठा हाय. पोराचा हात कुठं पुरंल?"

पांगुळगाडा म्हणजे तीन लाकडी चाकं आणि त्यावर एक आडवी दांडी. चालायला शिकणारं मूल दांडी धरून उभं राहतं आणि गाडा ढकलत पावलं टाकतं. आमच्या आळीत सुताराने केलेला एकच होता, तो घरोघरी फिरायचा. मीही त्यालाच धरून चालायला लागले. तीन चाकं दिसल्यावर मायला दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. पण त्या शब्दाने मला धक्का बसला. एवढी निवडून आणलेली गाडी, आणि तिला आल्या आल्या असलं नाव. मी तिला समजावलं की ही बाबागाडी, यात बाळाने बसायचं आणि आपण ढकलायचं. तिने विचारलं, पोर बसंल आन् मोठी मानसं ढकलतील, मग पोर शिकंल काय? बाळ तेव्हा अकरा महिन्यांचं होतं. मी हसण्यावारी नेलं. मग तिला सगळे नियम वाचून दाखवले, कारण तिला वाचता येत नाही. तिने एकेक मान डोलावत ऐकला आणि दोन पुन्हा म्हणायला लावले.

गाडीची निगा मी मनापासून राखली. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यात ठेवायचं, त्यात फडकं पिळून चाकांच्या काड्या पुसायच्या. धुरळा एवढा असायचा की फडकं दोन वेळा बुडवलं की पाणी विटेच्या रंगाचं होई. चाकांच्या आसाला शिलाई मशीनचं तेल, एका वेळी दोनच थेंब, जास्त झालं की धूळ धरते. बैठकीचं कापड महिन्यातून एकदा, कपड्यांच्या शेवटच्या पाण्यात. दर रविवारी अंगठ्याने टायर दाबून बघायचे. तिन्ही चाकं खटक्यासरशी निघत, ती पिशवीत घालून मी स्कूटीवरून पंक्चरवाल्याकडे नेई आणि हवा भरून आणी. शेजारणी म्हणत, मॅडम, पोरापेक्षा गाडीलाच जास्त न्हाऊ घालता. मला त्याचा अभिमानच वाटे. बाळ सकाळी गाडीत, जेवताना गाडीत, दुपारची झोपही गाडीत.

ते सतरा महिन्यांचं झालं आणि चालेना. धरून उभं राही, सोडलं की मटकन बसे. मी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पाय वाकवून पाहिले, पाठीवरून बोट फिरवलं, मग विचारलं की दिवसातून किती वेळ गाडीत असतो. मी सगळं सांगितलं, अगदी शाळेत उत्तर द्यावं तसं. त्यांचं पेन थांबलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की आणखी एक महिना वाट बघू, गाडी कमी करा, तोवर चालला नाही तर कंबरेच्या आणि नसांच्या तपासण्या कराव्या लागतील.

त्या वाक्यानंतर त्यांनी काय सांगितलं ते मला आठवत नाही. रिक्षात मी स्वतःला एकच विचारत राहिले. मी काय केलं होतं? जे जे वाचलं ते केलं होतं, आणि कदाचित तेच चुकलं होतं. घरी येऊन मायला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिने हात न थांबवता एवढंच विचारलं, "कंबर सरळ हाय म्हनाले ना?" मी हो म्हटलं. त्या दिवसापासून कामावर जाताना मी गाडी व्हरांड्यात ठेवून जाऊ लागले आणि मायला सांगितलं, त्याला जमिनीवरच ठेव.

त्यानंतरच्या रविवारी टायर दाबले तर तिन्ही मऊ. मी चाकं पंक्चरवाल्याकडे नेली. त्याने ट्यूब काढून टबात बुडवल्या. टबातलं पाणी दुष्काळामुळे कित्येक दिवस बदललेलं नव्हतं, शाईसारखं काळं. एकही बुडबुडा आला नाही. दुसऱ्या रविवारी पुन्हा तेच. मी वॉल्व्ह बदलायला लावले. तिसऱ्या रविवारी तो ट्यूब बुडवायलाही तयार होईना. म्हणाला, "भाभी, इसमें पंक्चर नै है. कोई हवा छोड रहा. घर में देखो."

मी घरी आले ती गोंधळूनच. कोण सोडेल? व्हरांड्याला जाळी होती, जाळीला कुलूप. नवऱ्याला विचारलं, तो माझ्याकडे बघतच राहिला. मायला विचारलं. ती म्हणाली, "मला काय ठावं त्या रबराचं." टायरच्या कडांना बारीक चिरा पडायला लागल्या होत्या. मला वाईट वाटत होतं आणि वाईट वाटण्याची लाजही वाटत होती, कारण पोर चालत नव्हतं आणि मी टायरच्या चिरा मोजत होते.

पुढं एका बुधवारी कारखान्यालाच पाणी आलं नाही. बॉयलर बंद ठेवला आणि आम्हाला दुपारीच सोडून दिलं. मी साडेतीनच्या सुमारास गल्लीच्या तोंडाशी स्कूटी थांबवली, कारण पुढं टँकर उभा होता. बायका हंडे, कळशा, कॅन घेऊन रांगेत. आणि त्या रांगेच्या बाजूने माझी बाबागाडी माझ्या दिशेने येत होती.

तिला ढकलणारं कोणी नव्हतं. मागं माणूसच नव्हतं. बैठकीत पाण्याने भरलेला दहा लिटरचा पांढरा कॅन बसला होता, त्याच्या पोटावर बाळाचा पट्टा नीट बांधलेला. गाडी थांबे, मग वीतभर सरके. काय बघतेय तेच कळेना. मग गाडीच्या खालून, मागच्या दोन चाकांच्या मधे, मला दोन पाय दिसले. उघडे, मुरुमाने लाल झालेले. आधी डावा उचलला गेला, मग उजवा.

माय गाडीच्या बाजूने चालत होती. कमरेवर हंडा, आणि मनगटात गाडीची दोरी.

त्याच वेळी टँकर मागे यायला लागला. त्याचा तो मागे घेतानाचा आवाज सुरू झाला आणि मी धावले. टँकर तसा लांब होता, आज शांतपणे आठवलं तर बराच लांब. पण मी बाळाला मागून उचललं ते इतक्या जोरात की ते किंचाळून रडायला लागलं. आणि सगळ्या रांगेसमोर मी मायवर ओरडले.

"त्याला पांगळा करून सोडायचंय का तुला?"

हा शब्द माझ्या तोंडून आला. डॉक्टरांकडून आल्यापासून तो माझ्या मनात होता, झोपेतून उठल्यावर पहिला तोच आठवायचा, आणि मी तो स्वतःशीही उच्चारला नव्हता. टँकर जागीच थांबला. मायने हंडा खाली ठेवला.

"व्हऊ नाय म्हनूनच, बाई," ती म्हणाली.

रांगेतली एक बाई, आमच्या समोरच राहणारी, गोंधळून म्हणाली, "मॅडम, त्यो तर दोन दिसापासून सुटा बी चालतोय. तुमाला म्हाईत नाय?"

मी तिच्याकडे पाहिलं, मग बाकीच्यांकडे. सगळ्यांना माहीत होतं. टँकरवाल्यालाही माहीत असावं, कारण तो खिडकीतून वाकून हसत होता. माझं मूल चालत होतं आणि ते गल्लीत फक्त मला माहीत नव्हतं. मी स्कूटी तिथंच सोडून बाळाला घेऊन घरात आले.

माय मागून गाडी घेऊन आली, पाणी ओतलं, हंडा जागेवर ठेवला. मी गाडीकडे बघत बसले. सांगाड्याच्या मागच्या दोन नळ्यांना बाळाच्या छातीच्या उंचीवर माझं लाटणं आडवं बांधलेलं होतं, जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी, वैरणीच्या भाऱ्याला मारतात तशा गाठी मारून. रोज मी यायच्या आत ती ते सोडून, धुऊन, पोळ्यांसाठी जागेवर ठेवत होती. पुढच्या चाकाचा खटका लावलेला. आणि तिन्ही टायर मऊ.

"हवा तू सोडत होतीस?"

"व्हय. केसातल्या आकड्यानं. भरली का पळती ती. पोराच्या हातून सुटून जाईल. मऊ असली का दमानं चालती. आन् वर पान्याचं वज्जन."

मी भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं. मी खरंच ते केलं. म्हटलं, तुला सगळं वाचून दाखवलं होतं. तिचा चेहरा पहिल्यांदा दुखावल्यासारखा झाला. ती बोटांवर मोजायला लागली. पट्टा बांधल्याशिवाय हलवायची नाही, म्हणून कॅनला पट्टा बांधला. दोरी मनगटात होती. दांड्याला काही टांगलं नाही, हंडा कमरेवर घेतला. पंधरा किलोच्या वर नाही, म्हणून दहाचा कॅन. खराब रस्त्याला खटका.

"मुलांना खेळू द्यायचं नाही, हे पण होतं," मी म्हणाले.

"खेळत नव्हता. पानी आनत व्हता."

मला हसू आलं नाही. आता येतं. तेव्हा मी विचारलं, मला सांगितलं का नाहीस, मी तीन रविवार त्या पंक्चरवाल्याकडे हेलपाटे घातले. तिने लाटण्याच्या गाठी सोडायला घेतल्या. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू नाय म्हनली असतीस. आन् तू नाय म्हनल्यावर मला करता आलं नसतं. शिकल्याली लेक, तुझ्या शबुदाच्या म्होरं माझं काय चालतंय?"

दिवसभरात बसलेल्या धक्क्यांत हा सगळ्यात मोठा. जिने मला शिकवलं तीच माझ्या शिकण्याला भीत होती, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. मला वाटायचं, ती माझे नियम आदराने ऐकते. ती हुकूम ऐकावा तशी ऐकत होती, आणि हुकूम न मोडता पोराला चालवायचा रस्ता शोधत होती.

तिने बाळाचं नाक पुसलं, त्याला दाराच्या चौकटीला टेकवून उभं केलं आणि स्वतः चार हात मागे सरकून बसली. "ये राजा." त्याने चौकट सोडली. दोन्ही हात वर, पोट पुढं, पाय दारुड्यासारखे फाकलेले. सहा पावलं. मी मधेच बसले होते, हात पुढं केलेले, पण ते माझ्या हाताला वळसा घालून मायकडे गेलं. रविवारी तुला दाखवणार होते, माय म्हणाली.

टँकरच्या रस्त्यावर त्याला न्यायचं नाही, हे मात्र मी त्याच संध्याकाळी सांगितलं. सांगताना जपून सांगितलं, विचारल्यासारखं. तिने लगेच मान्य केलं. टँकर मागे येताना तिच्याही छातीत धडधडायचं, असं ती म्हणाली. तेव्हापासून माय त्याला मागच्या गल्लीत नेई, तिथं बांधकाम थांबलेलं होतं आणि वाहन नव्हतं.

महिना भरला तेव्हा आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. मायला मी बाहेरच्या बाकावर बसवलं, नेहमीसारखं. डॉक्टरांच्या खोलीच्या दारात मी बाळाला खाली ठेवलं आणि ते टेबलापर्यंत चालत गेलं. डॉक्टर खुर्चीत मागे रेलले. तपासणीचे कागद त्यांनी बाजूला सारले, पाय पुन्हा पाहिले आणि म्हणाले, उत्तम. मग पेन उघडून विचारलं, आधाराशिवाय पहिल्यांदा कधी चालला?

प्रयोगशाळेत मी प्रत्येक बाटलीवर तारीख आणि वेळ घालते. त्याच्या लशी, दात, पहिला घास, सगळं त्या टेबलावर मी धडाधड सांगितलेलं होतं. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, मला माहीत नाही, माझ्या आईला विचारावं लागेल.

माय आत आली, पदर सावरून उभी राहिली. तिला तारीख माहीत नव्हती. ती म्हणाली, टँकर दोन दिवस आला नव्हता, तिसऱ्या दिवशी आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारचं. डॉक्टरांनी विचारलं, किती पावलं? "तीन. चवथ्याला बसला." पडला का? "पडला नाय. बसला." त्यांनी तिला खुर्ची दाखवली. मी उठले, कारण खोलीत दुसरी नव्हती. मग ते तिला एकेक विचारत गेले, पाय कसा टाकतो, टाच टेकवतो का, कुठला पाय आधी, आणि ती सांगत गेली. ते लिहीत गेले. मी पोराला कडेवर घेऊन मागे उभी होते.

बाहेर आल्यावर मी फाइल उघडली. तोवरच्या प्रत्येक पानावर इंग्रजीत लिहिलेलं असायचं, आईने सांगितल्यावरून. त्या दिवशीच्या पानावर होतं, आजीने सांगितल्यावरून. मी ते दोनदा वाचलं. माय विचारत होती, काय लिवलं गं. मी तिला तिथंच, दवाखान्याच्या पायरीवर, अक्षरावर बोट ठेवून वाचून दाखवलं.